'नाही' ऐकल्यानंतरचा डार्सी



28 जानेवारी 1813 रोजी लंडनमध्ये एक कादंबरी तीन खंडांत प्रसिद्ध झाली. आतल्या पानावर लेखिकेचे नाव नव्हते, पण प्रकाशकाचा पत्ता होता : टी. एगर्टन, मिलिटरी लायब्ररी, व्हाइटहॉल. थॉमस एगर्टन हा लष्करी पुस्तकांसाठी ओळखला जाणारा प्रकाशक. त्याने 110 पौंड मोजून एका पाद्र्याच्या मुलीने लिहिलेली ही प्रेमकथा विकत घेतली. लेखिका जेन ऑस्टिन, कादंबरी 'प्राइड अँड प्रेज्युडिस'. सैनिकी शाळेच्या मासिकात प्रेमकथेवर लेख कशाला, असे विचारणाऱ्या मित्रांना माझे पहिले उत्तर हा पत्ता आहे. दुसरे उत्तर थोडे लांब आहे, त्यासाठी हा लेख.

मी रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात वाढलो. पारा म्हणजे आपली आळी. आमच्याकडे घरात मराठी, शेजारी छत्तीसगढी आणि बाजारात हिंदी चालते. एका भाषेतले पुस्तक दुसऱ्या भाषेच्या घरात येणे ही आमच्या गावाला नवी गोष्ट नाही. रायपूरला राहिलेल्या माधवराव सप्रे यांनी समर्थांचा दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले. आमच्या भागातले आनंद समाज वाचनालय शंभर वर्षांहून जुने आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी बाहेर पाऊल टाकता येत नाही, तेव्हा वाचन आपोआप होते.

हे पुस्तक मला मावसबहिणीने, आमच्या ताईने दिले. तिच्या कपाटात ज्या कादंबऱ्या आहेत त्यांच्यावर हल्ली पाठीमागे एक शिक्का असतो : 'एनिमीज टू लव्हर्स'. म्हणजे नायक-नायिका आधी एकमेकांचे वैरी, मग प्रेमी. वाचक हा शिक्का पाहून पुस्तक उचलतात, जसे आपण मेसमध्ये फलकावर 'पनीर' पाहून रांगेत पुढे सरकतो. ताई म्हणाली, "या सगळ्यांची आजी म्हणजे हे पुस्तक. आधी हे वाच, मग बाकीच्यांना नावं ठेव."

आता कथा थोडक्यात. इंग्लंडच्या एका गावात बेनेट कुटुंबाला पाच मुली. घर आणि जमीन वडिलांनंतर मुलींना मिळणार नाही, दूरच्या पुरुष नातेवाइकाकडे जाणार. म्हणजे लग्न हा या मुलींसाठी जेवणाखाण्याचा प्रश्न. गावात डार्सी नावाचा श्रीमंत तरुण येतो, वर्षाला दहा हजार पौंडांचा धनी. पहिल्याच नृत्यसमारंभात दुसरी बेनेट मुलगी एलिझाबेथ हिच्याबद्दल तो मित्राला म्हणतो की ठीक आहे, पण माझे मन वळावे इतकी काही सुंदर नाही. ती जवळच बसलेली असते आणि ऐकते. तिचे वय विसाच्या आसपास, बुद्धी तल्लख, जीभ त्याहून. ती ही गोष्ट हसत हसत मैत्रिणींना सांगते, पण मनात गाठ बसते ती बसतेच.

सैनिकी शाळेत 'शत्रू' हा शब्द आपण जपून वापरतो, निदान वापरायला हवा. त्या अर्थाने हे दोघे एकमेकांचे शत्रू नाहीत. कोणी कोणाचे घर जाळले नाही, सीमा ओलांडली नाही. त्यांच्यात आहे तो मानाचा तंटा. आजीला मी कथा सांगितली तेव्हा ती सुपारी कातरता कातरता म्हणाली, "अरे, हे तर आपलं मानापमान!" त्याबद्दल पुढे लिहितो. आधी मला ज्या गोष्टीसाठी ही कादंबरी आवडली ती सांगतो.

या कादंबरीत एलिझाबेथ दोन पुरुषांना लग्नासाठी 'नाही' म्हणते. पहिला तिचा नातेवाईक कॉलिन्स, तोच पाद्री ज्याच्याकडे पुढे घर जाणार आहे. एकोणिसाव्या प्रकरणात तो मागणी घालतो. ती नकार देते. तो हात हलवून म्हणतो की बायका पहिल्या वेळी नाहीच म्हणतात, कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही, म्हणून मी मुळीच निराश नाही. ती पुन्हा सांगते, तिसऱ्यांदा सांगते. तो तिच्या प्रत्येक नकाराला लाजणे समजतो. शेवटी तिला विनवावे लागते की मला नखरे करणारी बाई समजू नका, मनातले खरे बोलणारी, विचार करणारी व्यक्ती समजा. वाचताना खूप हसू येते, आणि मग थोड्या वेळाने येत नाही. कारण कॉलिन्सचे हे तत्त्वज्ञान आपण सगळ्यांनी पडद्यावर शेकडो वेळा पाहिले आहे. नायक नायिकेच्या मागे सायकलवर, मोटारसायकलवर, बसमध्ये. ती रागावते, तो गातो, ती आणखी रागावते, तो आणखी गातो, आणि तिसऱ्या गाण्यात ती हसते. ऑस्टिनने दोनशे वर्षांपूर्वी ज्या माणसाला विदूषक ठरवले, त्याला आपण नायक केले.

दुसरा नकार डार्सीला. तो चौतिसाव्या प्रकरणात आहे. डार्सी मागणी घालतो, पण कशी? माझे तुमच्यावर प्रेम आहे, हे आधी. आणि मग लगेच तुमचे घराणे कसे हलके, तुमचे नातेवाईक कसे अडाणी, आणि हे सगळे असूनही मी कसा खाली उतरलो, हे पुढे. त्याला होकाराची खात्री असते. एलिझाबेथ त्याला असा नकार देते की मराठीत ज्याला पाणउतारा म्हणतात तोच. तिच्या बहिणीचे जुळत आलेले लग्न त्याने मोडले, विकहॅम नावाच्या माणसाचे आयुष्य नासवले, आणि मागणी घालण्याची रीतसुद्धा सभ्य माणसाची नव्हती, असे तीन आरोप.

आता डार्सी काय करतो ते पाहा. तो वाद वाढवत नाही. वेळ घेतल्याबद्दल क्षमा मागून, शुभेच्छा देऊन खोलीतून निघून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला एक लांब पत्र देतो आणि त्यात काल ज्या मागणीने तुम्हाला घृणा आली ती पुन्हा घालणार नाही, असे सुरुवातीलाच स्पष्ट करतो. पत्रात फक्त दोन आरोपांची उत्तरे आहेत. बहिणीच्या बाबतीत तो आपण केले ते कबूल करतो व कारण देतो. विकहॅमच्या बाबतीत पुरावा देतो, आणि खात्री करायची असेल तर आपल्या मामाच्या घरचा कर्नल फिट्झविल्यम याला विचारा म्हणतो. मग तो तिच्या वाटेतून बाजूला होतो. पुढे महिनोन् महिने तो तिला शोधत येत नाही. पेम्बर्ली या त्याच्या घरी त्यांची पुन्हा गाठ पडते ती केवळ योगायोगाने, तो घरी नाही असे समजून ती मामा-मामींबरोबर वाडा पाहायला गेलेली असते. मामा व्यापारी, डार्सीने ज्यांना हलके म्हटले होते त्यांपैकीच एक. त्याच मामांशी तो अदबीने बोलतो आणि आपल्या नदीवर मासे धरायला बोलावतो.

मागणी तो दुसऱ्यांदा घालतो, पण केव्हा? त्याची मावशी लेडी कॅथरीन एलिझाबेथला धमकावायला जाते, एलिझाबेथ तिला काहीही वचन द्यायला नकार देते, आणि मावशी रागाने हे त्याला सांगते. तेव्हा त्याला कळते की तिचे मन बदलले असावे. तरीही तो इतकेच म्हणतो की तुमचे मन एप्रिलमध्ये होते तसेच असेल तर लगेच सांगा, एका शब्दात मी कायमचा गप्प होईन. माझ्या मते या कादंबरीचा कणा हा आहे. वैर संपून प्रेम होते ते माणूस चिकाटीने मागे लागल्यामुळे नाही. तो थांबल्यामुळे, आणि थांबलेल्या काळात स्वतःत काही बदलल्यामुळे होते.

ताईच्या कपाटातल्या त्या शिक्क्याच्या दोन कादंबऱ्या मी मुद्दाम वाचल्या. त्यांत नायक उर्मट, ते ठीक. पण तो नायिकेचा अपमान करतो, तिला कोंडतो, तिच्यावर नजर ठेवतो, आणि शेवटी कळते की हे सगळे प्रेमच होते. ताईचे म्हणणे असे, की वाचणाऱ्या मुलींना हे गोष्टीतले आहे हे पक्के ठाऊक असते, त्या काही खुळ्या नाहीत. तिचे हे म्हणणे मला मान्य आहे. माझी काळजी मुलींची नाहीच, आपली आहे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, वर्षातले नऊ-दहा महिने वसतिगृहात, मुलींशी बोलण्याचा सराव कमी, आणि डोक्यात ही गाणी. भारतीय दंड संहितेत 2013 साली पाठलागासाठी 354ड हे वेगळे कलम घालावे लागले, ते उगाच नाही. 15 ऑगस्ट 2021 रोजी सर्व सैनिक शाळा मुलींसाठी खुल्या करण्याची घोषणा झाली. 30 मे 2025 रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी, एकूण 17 जणी, उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. म्हणजे ज्या मुलीचे 'नाही' आपण आज ऐकून सोडून देणार की नाही हा प्रश्न आहे, ती उद्या आपल्या शेजारी रांगेत उभी असेल, किंवा आपली वरिष्ठ असेल.

या कादंबरीत आपल्याला, म्हणजे गणवेशवाल्यांना, आणखी एक फटका आहे. विन्स्टन चर्चिल डिसेंबर 1943 मध्ये ट्युनिशियात न्यूमोनियाने आजारी पडले, तेव्हा त्यांच्या मुलीने, सेराने, त्यांना ही कादंबरी वाचून दाखवली. पुढे त्यांनी लिहिले की या लोकांचे आयुष्य किती निवांत, फ्रेंच राज्यक्रांतीची किंवा नेपोलियनच्या युद्धांची चिंता नाही. चर्चिलसाहेबांपुढे मी कोण, पण सैन्य या कादंबरीत जागोजाग आहे. गावाजवळ मिलिशियाची पलटण येऊन राहते. पुढे ती ब्रायटनच्या छावणीत जाते. धाकट्या दोन बेनेट मुली लाल कोट दिसला की घर विसरतात. आणि त्या लाल कोटातला सगळ्यांत देखणा, सगळ्यांत गोड बोलणारा अधिकारी म्हणजे विकहॅम.

विकहॅमने डार्सीच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला तिच्या तीस हजार पौंडांसाठी पळवून नेण्याचा बेत केलेला असतो. पुढे तो सोळाव्यात असलेल्या लिडिया बेनेटला पळवतो. ब्रायटनला त्याचे देणे हजार पौंडांच्या वर गेलेले असते. एलिझाबेथसारखी हुशार मुलगी त्याच्यावर विश्वास ठेवते, कारण त्याचा चेहरा, बोलणे आणि कोट तिन्ही चांगले आहेत. शेवटी डार्सी गुपचूप त्याचे कर्ज फेडतो, त्याला नियमित सैन्यात अधिकारपद विकत घेऊन देतो आणि लिडियाशी लग्न लावतो. हो, विकत. त्या काळी ब्रिटिश पायदळ आणि घोडदळात अधिकारपदे पैसे मोजून मिळत, ही पद्धत 1871 साली बंद झाली. आपल्याला सेवा निवड मंडळाच्या पाच दिवसांची धास्ती असते, त्या मानाने विकहॅमचे बरे होते.

ऑस्टिनला सैन्याचा राग होता असे मात्र कोणी समजू नये. तिचे दोन भाऊ नौदलात होते. फ्रान्सिस पुढे सर्वोच्च पदावर, अ‍ॅडमिरल ऑफ द फ्लीट झाला. चार्ल्स 1852 साली ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर असताना वारला. तिसरा भाऊ हेन्री स्वतः मिलिशियात होता. गणवेश घरात पाहिलेली बाई गणवेशावर भुलत नाही, इतकेच. तिने डार्सीची परीक्षा कशी लावली आहे ते पाहण्यासारखे आहे. त्याचा चांगुलपणा तो स्वतः सांगत नाही, त्याचा मित्रही नाही. सांगते पेम्बर्लीची कारभारीण, जिने त्याला चार वर्षांचा असल्यापासून पाहिले आहे. अधिकारी कसा आहे हे त्याच्या सहायकाला विचारावे, असे आपले एक निवृत्त सुभेदार पीटीच्या तासाला म्हणतात. ऑस्टिनने तेच केले.

आता आजीचे मानापमान. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने 12 मार्च 1911 रोजी मुंबईत केला. पदांना चाली गोविंदराव टेंबे यांच्या, भामिनी बालगंधर्व. 1921 च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून जो 'संयुक्त मानापमान' केला, त्याच्या गोष्टी आजीने तिच्या वडिलांकडून ऐकलेल्या. जानेवारी 2025 मध्ये त्यावर सिनेमाही आला. कथेतला नायक धैर्यधर हा सेनापती, शूर पण गरीब. श्रीमंत भामिनी त्याच्या गरिबीचा अपमान करते. तोही मानी, तिच्याशी लग्न करणार नाही म्हणतो. मग भामिनी वनमाला नावाची गरीब मुलगी बनून छावणीत जाते, त्याचा पराक्रम डोळ्यांनी पाहते आणि दोघांचे जमते. पैसेवाला लक्ष्मीधर भित्रा निघतो.

आजीचे बरोबर आहे, गोष्ट एकाच गोत्रातली आहे. मानापमान हा शब्दच त्या इंग्रजी शिक्क्यापेक्षा नेमका आहे. त्यात वैर नाही, प्रेमही नाही, भांडण कशावरून आहे तेवढे सांगितलेले आहे. सैनिकी शाळेच्या मुलाला धैर्यधर अधिक जवळचा वाटणार हेही खरे, आपल्याकडेही दहा हजार पौंड नाहीत. पण माझे मत कादंबरीच्या बाजूने पडते, आणि त्याचे कारण सांगतो. नाटकात बदलायचे असते ते मुख्यतः भामिनीने. नाव सोडायचे तिने, दागिने उतरवायचे तिने, छावणीपर्यंत चालत जायचे तिने. धैर्यधर जसा पहिल्या अंकात तसाच शेवटी. कादंबरीत दोघांनाही काम आहे. एलिझाबेथ ते पत्र आधी रागाने वाचते, मग पुन्हा वाचते, ओळ न् ओळ तपासते, विकहॅम कधी काय बोलला होता ते आठवून पाहते, आणि एकट्याने फिरता फिरता तिला कळते की आपण आंधळेपणाने वागलो. छत्तिसावे प्रकरण जवळजवळ सगळे एवढ्यावरच आहे. त्यात घोडा नाही, तलवार नाही, वेषांतर नाही, फक्त एक मुलगी आणि एक कागद. आणि तिकडे डार्सी 'सभ्य माणसासारखे वागला नाहीत' हे एक वाक्य महिने महिने मनात वागवतो, आणि शेवटी तिला सांगतोही की ते किती बोचले.

आजीला हे पटले नाही. ती म्हणते, "तुझ्या त्या पुस्तकात एक तरी पद आहे का?" याला माझ्याकडे उत्तर नाही. 'त्राटिका' या जुन्या नाटकाचा विषय मी काढला तर ती त्यावरही हसली. वा. बा. केळकरांनी शेक्सपिअरवरून केलेले ते नाटक. त्या मूळ नाटकातला नवरा भांडखोर बायकोला उपाशी ठेवून, झोपू न देऊन नरम करतो आणि त्याला सुखान्त म्हणतात. त्या नाटकाशेजारी ठेवला तर धैर्यधर देवमाणूस आहे.

कादंबरीत मला खटकलेलेही आहे. डार्सी गरीब असता तर? पेम्बर्लीचा वाडा, झाडी, तळे पाहून एलिझाबेथच्या मनात येते की आपण इथली मालकीण झालो असतो. पुढे बहिणीने विचारल्यावर ती थट्टेने सांगतेही की प्रेमाची सुरुवात तो वाडा पाहिल्यापासून झाली. थट्टा असली तरी ऑस्टिनने वाडा इतका मोठा ठेवायला नको होता. खाडिलकरांनी नायकाला गरीब ठेवण्याचे धैर्य दाखवले, ते इथे नाही. लिडियाचेही वाईट वाटते. तिला उथळ म्हणून मोडीत काढले आहे, पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला छावणीच्या गावी पाठवणारे वडील तिचे, आणि एलिझाबेथने आधी सांगूनही पाठवणारे. त्यांना लेखिकेने फार स्वस्तात सोडले.

पुस्तक 61 प्रकरणांचे आहे, बहुतेक प्रकरणे छोटी. रात्रीच्या प्रेपनंतर दिवे जाईपर्यंत दोन सहज होतात, म्हणजे महिन्याभराचे काम. इंग्रजी जुने असल्यामुळे पहिली दहा-बारा प्रकरणे अडखळत जातील, नाचाचे आणि चहाचे समारंभही जरा जास्त आहेत, ते भराभर उलटले तरी चालेल. एकोणिसावे मात्र सोडू नका, आणि चौतिसावे व पस्तिसावे एका बैठकीत वाचा. माझी प्रत हाउसच्या कपाटात ठेवली आहे. पहिल्या पानावर ताईचे नाव आहे, तेवढे फाडू नका, तिला परत द्यायची आहे.

— इयत्ता बारावीचा एक छात्र (ब्राह्मणपारा, रायपूर)